‘मोठी गाडी आहे, असंच असतं’: जुनी निन्जा ६५० घेताना झालेली फसवणूक

२०१८ ची कावासाकी निन्जा ६५०, एमएच-१२ पासिंग, मीटरवर ११,४०० किमी, ‘सिंगल हँड’ (एकाच मालकाची), टाकीवर आणि फेअरिंगवर (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) एक ओरखडा नाही. किंमत ३ लाख ९० हजार. घेणारा केटीएमच्या ३९० ड्यूकवरून मोठ्या बाइकवर जाणारा. शनिवारी २५ हजार टोकन, सोमवारी उरलेली रक्कम. तीन आठवड्यांनी पुढचं चाक काढलं तेव्हा बाइक पूर्वी समोरून जोरात आदळल्याचं कळलं, आणि आरटीओच्या कामाला हात घातल्यावर तिच्यावर कर्ज बाकी असल्याचं. यातली प्रत्येक गोष्ट शनिवारीही दिसत होती. फक्त ती कुठे पाहायची, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्यांदा मोठी बाइक घेणारा नेमका इथेच सापडतो. ड्यूकच्या एका सिलिंडरच्या ३७३ सीसी इंजिनवरून माणूस ६४९ सीसीच्या पॅरलल ट्विनवर (दोन सिलिंडरच्या इंजिनवर) बसतो, तेव्हा ताकद सुमारे ४३ पीएसवरून ६८ पीएसवर जाते आणि बुडाखालचं वजन १९० किलोच्या पुढे. त्याच्या हाताला या वर्गातली निरोगी बाइक कशी लागते, याची सवयच नसते. हँडल एका बाजूला ओढतंय? वजनामुळे असेल. खडखड येतेय? ट्विन आहे ना. पाय भाजतायत? मोठं इंजिन. विकणाऱ्याला खोटंही बोलावं लागत नाही, ‘मोठी गाडी आहे, असंच असतं’ एवढं वाक्य पुरतं. त्यामुळे व्यवहार ठरवण्याआधी त्याच मॉडेलची दुसरी, ओळखीतली बाइक अर्धा तास तरी चालवून पाहा. हे जमत नसेल, तर ते मॉडेल ज्याच्याकडे आहे त्याला सोबत न्या. नेहमीचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याने फेअरिंगवाली ट्विन कधी उघडली नसेल, तर इथे त्याचा फारसा उपयोग नाही.

या बाइकचं हँडल किंचित डावीकडे ओढत होतं. ६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर हाताची पकड सैल केली (दोन्ही हात सोडायचे नाहीत) की लगेच कळायचं. कारण तीन ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं.

पहिली जागा म्हणजे हँडलचा स्टॉप. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलं की फोर्कचा (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन शॉक पाइपचा) खालचा टी, म्हणजे त्या पाइपना जोडणारा आडवा भाग, चॅसीच्या मानेवरच्या छोट्या ठोकळ्याला टेकून थांबतो. बाइक जोरात आदळते किंवा घसरत जाते, तेव्हा हँडल झटक्यात टोकापर्यंत फिरतं आणि या ठोकळ्यावर घाव बसतो. फेअरिंग नवी मिळते, टाकी रंगवता येते, पण हा ठोकळा चॅसीचाच भाग आहे. तो चेपलेला, एका बाजूला तुटलेला, वेल्डिंग करून भरलेला किंवा आजूबाजूपेक्षा वेगळ्या चकाकीच्या रंगाने झाकलेला असेल, तर पुढे काही बघू नका. मोबाइलचा टॉर्च लागतो, दोन मिनिटं लागतात. इथे डावीकडचा ठोकळा चपटा झाला होता आणि त्यावर ताजा रंग होता. नखाने खरवडला तर निघत होता.

दुसरी जागा म्हणजे बेंड पाइप (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) आणि रेडिएटर. समोरून धडक बसली की पुढचं चाक मागे येऊन आधी यांनाच भिडतं. बेंड पाइपवर टायरच्या रुंदीचा चपटा खळगा किंवा काळी घासणी, रेडिएटरच्या खालच्या कडेच्या जाळ्या एका रेषेत दुमडलेल्या, किंवा इंजिनचं सगळं सामान जुनं आणि रेडिएटर मात्र कोरा करकरीत, असं काही दिसलं की समजायचं. दगडांच्या बारीक खुणा असलेला जुना रेडिएटर ही उलट चांगली निशाणी आहे.

तिसरी जागा फोर्कची. काचेचा एक सपाट तुकडा दोन्ही फोर्क पाइपवर, खालच्या टीच्या जरा खाली आडवा धरायचा. काच चारही टोकांना टेकली तर पाइप एका पातळीत आहेत. डुलली, तर दोन शक्यता. एक, पाइप टीमध्ये नुसते फिरलेत. हे उभी बाइक पडल्यावरही होतं, आणि बोल्ट सैल करून सरळ करता येतं. याला घाबरून चांगली बाइक सोडू नका. दुसरी, पाइपच वाकलाय. खात्री पाइप बाहेर काढून सपाट काचेवर लाटल्यावरच होते. या बाइकचा डावा पाइप लाटताना उघड उघड डुलत होता.

चाकं एका रेषेत आहेत का, हे सुतळीने कळतं. मागच्या टायरच्या मागून सुतळी गुंडाळून दोन्ही बाजूंनी, शक्य तितक्या उंचीवर, पण स्टँड किंवा पाइपला न लागता पुढे न्यायची आणि मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवायची. मागचा टायर १६०/६०, पुढचा १२०/७०, म्हणजे रुंदीत ४० मिमीचा फरक. पुढचं चाक सरळ असताना दोन्ही बाजूंना साधारण २० मिमी मोकळं अंतर यायला हवं. इथे एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला १२ होतं. मोजण्याआधी चेन अॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून घ्या, नाहीतर चाक तिरकं बसल्याचं बिल चॅसीच्या नावावर फाडाल.

मीटरचा घोटाळा त्याहून सोपा होता. समोरच्या धडकेत मीटरची पट्टी तुटते, मीटरही जातो. बऱ्याच बाइकमध्ये किलोमीटरचा आकडा मीटरच्या आतच साठवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या बाइकचा मीटर बसवला की त्या बाइकचे किलोमीटर याच्या नावावर येतात. ‘मीटर पाडला’ असं ज्याला म्हणतात, त्यासाठी प्रत्येक वेळी लॅपटॉप लागतोच असं नाही. आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा, त्या आकड्याला बाकीची बाइक साक्ष देते का ते बघा. टायरच्या कडेवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या बाइकच्या पुढच्या टायरवर ०७२१ होतं, म्हणजे २०२१ चा सातवा आठवडा. २०१८ च्या बाइकने पहिला टायर संपवला, दुसरा बसवला आणि तोही अर्धा झिजवला, तरी मीटर ११,४०० वरच? डिस्कच्या बाहेरच्या कडेला नखाला अडणारी पायरी होती (किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहा). फूटपेगच्या खाली लोंबणारे छोटे बोल्ट घासून निम्मे झालेले. डाव्या ग्रिपची नक्षी गुळगुळीत. चेन सेट बाहेरच्या कंपनीचा. मूळ चेन नीट तेल घातलेली असेल तर एवढ्या कमी किलोमीटरला बदलावी लागत नाही. एकेका खुणेला स्पष्टीकरण देता येतं, पण चार-पाच एकत्र आल्यावर देता येत नाही.

खरा आकडा सर्व्हिसच्या बिलांवर असतो. चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, आणि तेही विकणाऱ्याला सोबत घेऊन. मालक आढेवेढे घेऊ लागला, तर तेच उत्तर.

जुन्या विमा पॉलिसीही मागून घ्या, त्या फार बोलक्या असतात. दावा न करणाऱ्याला मिळणारी सूट, म्हणजे एनसीबी, दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशी चढत ५० टक्क्यांवर थांबते. पहिला मालक, चौथं-पाचवं वर्ष आणि पॉलिसीवर एनसीबी शून्य, म्हणजे आदल्या वर्षी दावा झाला असण्याची दाट शक्यता, किंवा पॉलिसी मध्ये बरीच खंडित होती. मालक बदलला असेल तर हा हिशोब लागू होत नाही, कारण एनसीबी गाडीबरोबर जात नाही, माणसाबरोबर राहते. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या बाइक भंगार म्हणून विकल्या जातात, आणि त्यातल्या काही अशाच सजून परत बाजारात येतात.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा. चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे आणि बाइक थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. समोरच्या धडकेत चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर तुटते, मग दिवा कायम पेटून राहतो आणि ग्राहक विचारतो. त्यावर तोडगा म्हणजे दिव्यावर आतून काळी टेप. दिवा दिसत नाही म्हणून लोक खूश होतात. चावी फिरवल्यावर तो न लागणं हाच बिघाड आहे. इंजिनच्या पिवळ्या दिव्याचंही तसंच.

इंजिनाकडे या सौद्यात फार पाहावं लागलं नाही, ते ठीक होतं. तरी बघायला जाल तेव्हा पोचल्याबरोबर इंजिनच्या केसिंगला हात लावा. गरम असेल, तर ‘आत्ताच धुऊन आणली’ म्हणतील. थंड होईपर्यंत चहा घ्या, मग स्टार्ट करा. थंड इंजिनची खडखड, निळा धूर, सेल्फ मारताना येणारी ओढाताण हे सगळं गरम इंजिन झाकून टाकतं. मल्टिमीटर न्या. बंद बाइकच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि ४,००० आरपीएमला १४ च्या आसपास दिसायला हवं. १३ च्या वर जातच नसेल, तर स्टेटर किंवा रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारे भाग) गेलाय. क्लचसाठी सहाव्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमवरून एकदम थ्रॉटल उघडा. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर प्लेटी संपल्यात.

पुराची गाडी हा वेगळाच प्रकार. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं, तेव्हा असंख्य वाहनं बुडाली. सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात माती. पॉलिशने बाहेरचं जातं, हे जात नाही.

आता कागद. विकणारा आरसीवरचा मालक नव्हता, मधला माणूस होता. त्याच्याकडे मालकाच्या सह्या असलेले, मालकी बदलण्याचे कोरे फॉर्म २९ आणि ३० होते आणि बँकेच्या एनओसीची झेरॉक्स. आरसीवर एचपी, म्हणजे कर्जापोटी बाइक तारण असल्याची नोंद, होती. ‘कर्ज फिटलंय, एचपी कॅन्सल व्हायचीय फक्त.’ एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला असता, तर फायनान्सरचं नाव शनिवारीच दिसलं असतं. एचपी काढायला फॉर्म ३५ लागतो आणि बँकेची मूळ एनओसी. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या शाखेत कर्ज खात्याचा नंबर घेऊन स्वतः जा. इथे हप्ते थकलेले निघाले. मूळ मालकाचा फोन बंद. आणि मधल्या माणसाचं नाव एकाही कागदावर नाही.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला आरटीओची मान्यता लागते, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने पोर्टलवर द्यायची असते. ‘तुमचं मान्यतापत्र दाखवा’ एवढं विचारलं की निम्मे दलाल विषय बदलतात. खाजगी सौदा असेल तर आरसीवरच्या मालकाला स्वतः भेटा, त्याच्याच खात्यात पैसे टाका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. विमा नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच. आरटीओचं काम लांबलं म्हणून विमा लांबवू नका, अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. प्रलंबित ई-चलनं आधी भरून घ्या. परराज्यातली पाटी असेल, तर तिथली एनओसी आणि इथे पुन्हा भरावा लागणारा कर किमतीत धरा. स्वस्त दिसणारी बाइक तिथेच महाग होते.

फसल्याचं कळल्यावर पहिली चूक म्हणजे बाइक दुरुस्तीला टाकणं. वाकलेला पाइप भंगारात गेला की पुरावाही गेला. आधी स्टॉपचे, काचेचे, सुतळीसोबत धरलेल्या मोजपट्टीचे, टायरच्या अंकांचे फोटो घ्या, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, मगच नोटीस पाठवा. विकणारा व्यवसाय म्हणून गाड्या विकत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे बाइकसाठी दिलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. खाजगी विक्रेत्यावर हा रस्ता चालत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा पोलीस तक्रार. १ जुलै २०२४ पासूनची फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. बाइक न दाखवताच ऑनलाइन टोकन उकळलं असेल, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

या सगळ्याला आधार लागतो तो टोकनच्या पावतीचा. तिच्यावर चॅसी नंबर, इंजिन नंबर, मीटरवरचा आकडा, ‘एचपी नाही’ किंवा ‘बाकी इतकी’, ‘अपघात अथवा टोटल लॉस झालेला नाही, मीटर मूळ आहे’, ‘यातलं काही खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत’, आणि खाली आरसीवरच्या मालकाची सही हवी. मधला माणूस असेल तर त्याचीही, पत्त्यासह. या सौद्यात पावती म्हणून होता एक व्हॉट्सॲप मेसेज. ‘टोकन रिसीव्ह्ड’ आणि पुढे अंगठ्याचं चित्र.