आठ महिने क्रिप्टो ॲप वापरलं: फी अर्धा टक्का, मग पैसे गेले कुठे?

नाशिकच्या सातपूरला कंपनीत सेकंड शिफ्टच्या चहाला एकाने ॲप दाखवलं आणि मी त्याच रात्री केवायसी करून मोकळा झालो. ॲपचं नाव देत नाही, कारण तक्रार एकट्या त्याची नाही.

पहिली खरेदी 'झटपट खरेदी'च्या बटणावरून, ५,००० रुपयांची. वर हिरव्या अक्षरात 'शून्य फी'. घेतल्या घेतल्या विकायला गेलो तर ४,८६० दाखवले. दोन मिनिटांत भाव पडला असेल म्हटलं, पण चार्ट जागचा हलला नव्हता. फी नव्हतीच, ती भावातच घातलेली होती. घेताना चढा, विकताना उतरता. मधला फरक म्हणजे स्प्रेड. कमी उलाढालीच्या कॉइनमध्ये तो आणखी रुंद असतो.

मग ऑर्डर बुक, म्हणजे कोण किती भावाला घ्यायला-विकायला तयार आहे त्याची यादी, वापरायला शिकलो. लिमिट ऑर्डर लावायची, आपल्या भावाला कुणी आलं तर सौदा, नाहीतर पडून राहू द्यायची. काही एक्स्चेंजवर अशा ऑर्डरला, म्हणजे मेकरला, कमी फी आणि समोरचा भाव उचलणाऱ्या टेकरला जास्त. माझ्याकडे दोघांनाही अर्धा टक्का, वर फीवर १८ टक्के जीएसटी. दहा हजारांच्या सौद्याला ५९ रुपये. विकताना पुन्हा ५९, शिवाय १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. हा टीडीएस जुलै २०२२ पासून आहे आणि विक्रीच्या रकमेवर कापतात, नफ्यावर नाही. तोट्यात विकलं तरी कापणारच. रिटर्नमध्ये तो जमा धरतात, पण तोवर पैसे अडकतात. सारखी उलटापालट करणाऱ्याचं भांडवल त्यातच झिजतं.

वडील निफाडकडचे, कांदा लासलगावला नेतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "पट्टी दाखव." बाजार समितीच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, हमाली, तोलाई, वाराई अशी जी कपात होते ती ओळीने लिहिलेली असते. माझ्याकडे सगळ्या सौद्यांची एक्सेलची फाईल होती, तीही ॲपच्या चौथ्या मेनूत सापडलेली. एका रविवारी तिचीच पट्टी केली.

खरेदी ९२,३००, विक्री ९३,७००. वरकरणी १,४०० कमावले. फी आणि जीएसटी मिळून १,०९७. म्हणजे तीनशे रुपये उरले, आठ महिन्यांत. इथवर हसू आलं होतं.

कागद घेऊन अशोक स्तंभाजवळच्या सीएकडे गेलो आणि हसू संपलं. नफ्याच्या सौद्यांत ६,२०० मिळाले होते, तोट्याच्या सौद्यांत ४,८०० गेले होते. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाने क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर त्या करावर ४ टक्के सेस. एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. विकताना दिलेली फी? "ती तुमची हौस," सीए म्हणाले. कर ६,२०० वर, म्हणजे १,९३४. सगळं मिळून मी १,६३१ रुपये खिशातून घातले. टीडीएसचे साधारण ९३० आधीच कापलेले, ते वळते करून बाकीचे भरले.

कॉइन ॲपबाहेर काढण्याची फी वेगळी. स्वतःच्या वॉलेटला, म्हणजे कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटाला, कॉइन पाठवताना ठरावीक आकार, रक्कम दोन हजार असो की दोन लाख. थोडं थोडं पाठवणाऱ्याला तो भारी पडतो. युएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन, पाठवताना इथेरियम आणि ट्रॉन नेटवर्कची फी वेगवेगळी असते, पण निवडलेलं नेटवर्क समोरच्या वॉलेटला चालतं का ते आधी बघा. चुकलं तर कस्टमर केअरशी पत्रव्यवहार करत बसाल.

ॲप चालायला झकास आहे, पैसे काढले की त्याच दिवशी बँकेत येतात, त्याबद्दल तक्रार नाही. झटपटच्या बटणाला मात्र हात लावत नाही. आता महिन्याला एकच लिमिट ऑर्डर लावतो आणि वहीत लिहितो: भाव, फी, जीएसटी, टीडीएस. वडिलांनी वही चाळून विचारलं, "हमाली कुठं दिसत नाही?"