नॅनोव्हीएनए: विमानाच्या अँटेनासाठी वर्षभर वापरलं

मी धुळ्याकडे शिकाऊ विमानांच्या रेडिओचं काम करतो. गेल्या एप्रिलात एका दोन सीटच्या सेसनाची तक्रार आली. धावपट्टीजवळ बोलणं खणखणीत, पण विमान शिरपूरकडे गेलं की खाली काहीच ऐकू येईना. मिस्त्री म्हणाले, "काय भाऊ, रेडिओ मुका व्हई गया का?" रेडिओ बदलून पाहिला, तरी तेच. मग नॅनोव्हीएनए हे अँटेना आणि केबल तपासणारं तळहाताएवढं यंत्र मागवलं.

रेडिओच्या मागची केबल काढून ती यंत्राला लावायची. विमानाच्या केबलची जोडणी बीएनसी प्रकारची, तिचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. विमानांच्या बोलण्याचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ पट्टा ठेवून आधी ओपन, शॉर्ट, लोड कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे टोक मोकळं, जोडलेलं आणि ठरावीक भार लावलेलं ठेवून यंत्र जुळवायचं. ते टाळलं की आकडे खोटे. यंत्र जोडलेलं असताना त्या केबलवर रेडिओची पॉवर चुकूनही सोडू नका, जळेल.

त्या विमानाचा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा आकडा, निघाला साडेचार. दोनच्या आत हवा. तीनला चौथाई ताकद परत फिरते. इंजिनिअरनी अँटेना उतरवली तर बुडाखाली अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी! सव्वा हाताची ती दांडी म्हणजे अर्धीच अँटेना; उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा विमानाचा पत्रा, आणि त्याच्याशीच संबंध तुटलेला. पत्रा चकचकीत घासला, नवं गॅस्केट घातलं, पुन्हा मोजलं: १.६. दुसऱ्या दिवशी शिरपूरवरून आवाज स्पष्ट आला. मला फार बरं वाटलं, कारण एकटं उडणाऱ्या पोराला त्या आवाजाचाच आधार असतो.

पण नुसत्या एसडब्ल्यूआरवर विसंबू नका. जुनी केबल ताकद गिळत असेल तर परत येणारीही वाटेतच जिरते आणि आकडा सुंदर दिसतो. म्हणून मी अँटेनाकडचं टोक मोकळं सोडून मोजतो. तेव्हा जवळपास सगळी ताकद परत यायला हवी, म्हणजे एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसायला हवा. तीन-चारच दिसला तर केबल बदला. हे या यंत्रावर दोन मिनिटांत कळतं, आणि माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात.

उणीव एकच, पण आपल्याकडे मोठी: उन्हात स्क्रीन दिसत नाही. हँगरच्या पत्र्याखाली मोजलं तर आकडे बदलतात, त्यामुळे विमान बाहेर काढावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी सातच्या आत मोजतो, तेही डोक्यावरचा रुमाल स्क्रीनवर ओढून.