दहा महिने, चौदा जेवणं: टेबल बुकिंगच्या मेंबरशिपचा आमचा अनुभव

रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करून बिलावर सूट देणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षाची मेंबरशिप आम्ही घेतलीय. ती संपायला दोन महिने राहिलेत आणि अ‍ॅपवर रोज ‘आत्ताच रिन्यू करा’ची सूचना येतेय. गेल्या दहा महिन्यांत या मेंबरशिपवर आम्ही चौदा वेळा बाहेर जेवलो. नऊ वेळा ठाण्यात, चार वेळा वाशी-बेलापूरकडे आणि एकदा मुंबईत. माणशी हजार-बाराशेच्या वरची ठिकाणं, म्हणजे आमच्या घराच्या हिशेबानं महागच. दर वेळी चार माणसं: मी, नवरा, कॉलेजातली लेक आणि माझी आई. आईचं वय ७८, दोन्ही कानांना मशीन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आम्ही नौपाड्यात राहतो. चमचमीत खायला इथे लांब जावं लागत नाही. मामलेदारची मिसळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि संध्याकाळी गोखले रोडला पाय ठेवायला जागा नसते. पण बाबा गेल्यावर आईचं बाहेर पडणंच थांबलं. देऊळ, दवाखाना आणि घर. तेव्हा लेक म्हणाली, आजीला महिन्यातून एकदा तरी छान साडी नेसून जायला काहीतरी निमित्त हवं. कुणी घाईनं उठवणार नाही, पुढच्या गिऱ्हाइकांची रांग डोक्यावर उभी राहणार नाही, अशा ठिकाणी दोन तास बसून जेवायचं. महागड्या रेस्टॉरंटमध्ये आपण खरे पैसे मोजतो ते या दोन तासांचे, असं मला आता ठामपणे वाटतं. जेवण चांगलं हवंच, पण चांगलं जेवण ठाण्यात दोनशे रुपयांतही मिळतं.

अ‍ॅपचं चांगलं ते आधी सांगते. बुक केलेलं टेबल चौदापैकी तेरा वेळा तयार मिळालं. सोमवार ते गुरुवार बऱ्याच ठिकाणी जेवणावर २५ टक्के सूट मिळाली, शुक्रवार-शनिवारी १० किंवा काहीच नाही. वर्षाची फी चौथ्या जेवणातच वसूल झाली. मेनू कार्डाचे फोटो असतात, त्यामुळे भाव आधी कळतात आणि तिथे गेल्यावर एकमेकांकडे बघायची वेळ येत नाही.

रेटिंगवर मात्र मी आता विसंबत नाही. दुसऱ्याच महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका उंचावरच्या रेस्टॉरंटला गेलो. नाव सांगत नाही. रेटिंग ४.६, शनिवार, रात्री साडेआठ. काचेच्या भिंती, उघडं काँक्रीटचं छत, टेबलांवर कापड नाही आणि आमच्यापासून दोन हातांवर स्पीकर. सूप येईपर्यंत आई बोलत होती. मग गप्प झाली. नुसती हसत होती, मान डोलावत होती. आम्हाला वाटलं, जेवण आवडतंय. स्टार्टर्सच्या प्लेटा उचलायला मुलगा आला, त्यानं टेबलावरचे चुरगळलेले टिश्यूही उचलून नेले. पाच मिनिटांनी आई टेबलावर हात फिरवून काहीतरी शोधायला लागली. कानांत नुसता कल्लोळ होत होता, आमचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून तिनं दोन्ही मशीन काढून टिश्यूत गुंडाळून ठेवली होती. ऐंशी हजारांची जोडी. कॅप्टननं, म्हणजे वेटरांच्या प्रमुखानं, हातमोजे घालून मागचा कचऱ्याचा डबा फरशीवर रिकामा केला. एक मशीन टिश्यूतच होतं, दुसरं लिंबाच्या पिळलेल्या फोडीला चिकटलेलं. त्या मुलांनी तोंड वाकडं न करता शोधून दिलं, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. पण घरी येईपर्यंत आई ‘माझ्यामुळे तुमचा विचका झाला’ असंच म्हणत राहिली, ते मी विसरलेले नाही.

नंतरच्या आठवड्यात मशीन तपासायला ऑडिओलॉजिस्टकडे (कानाच्या मशीनच्या तज्ज्ञांकडे) गेलो तेव्हा हा विषय काढला. त्यांनी नीट समजावलं. मशीन आवाज मोठा करतं, पण हवा तो आवाज कोणता आणि नको तो कोणता, हे तरुण कानाला जसं निवडता येतं तसं त्याला जमत नाही. काच, फरशी, काँक्रीट यांच्यावर आपटून आवाज परत फिरतो आणि सगळं एकात एक मिसळतं. पडदे, गालिचा, गादीच्या खुर्च्या, टेबलावरचं जाड कापड आवाज शोषून घेतात. आईच्या मशीनचे माइक समोरचा आवाज जास्त पकडतात, म्हणून तिची पाठ हॉलकडे हवी आणि बोलणारे आम्ही भिंतीला टेकून तिच्यासमोर. मोठं माणूस म्हणून आम्ही इतकी वर्षं तिला भिंतीकडची जागा देत होतो, म्हणजे बरोबर उलट.

तेव्हापासून माझी निवडायची पद्धतच बदलली. अ‍ॅपवर पदार्थांचे फोटो मी बघत नाही, छत आणि खुर्च्या बघते. छत किती उंच, पडदे आहेत का, खुर्चीला पाठ आणि हात आहेत का. उंच स्टूल आणि पाय लोंबकळणारी बार टेबलं दिसली की पुढे जाते, आईचे गुडघे तिथे चढणार नाहीत. मग दुपारी तीन ते पाचच्या मधे थेट रेस्टॉरंटला फोन करते. त्या वेळी गर्दी नसते आणि फोन उचलणाऱ्याला बोलायला सवड असते. विचारते साधंच: कोपऱ्यातलं टेबल मिळेल का, गाणी किती वाजता वाढवता, लिफ्ट दारापर्यंत येते की शेवटचा जिना चढायचा आहे, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत जास्त सांगून जाते. ‘मॅडम, अ‍ॅपवर बुक केलंय ना, मग या’ असं म्हणणाऱ्या दोन ठिकाणी मी गेलेच नाही. एकानं फोन तसाच धरून कॅप्टनला बोलावलं आणि त्यानं टेबलाचा नंबरच सांगितला. तिथे आम्ही तीनदा गेलो.

वेळेचंही तेच. आपल्याकडे लोक नऊनंतर येतात, मग दिवे मंद होतात आणि स्पीकर चढतो. मंगळवारी किंवा बुधवारी साडेसातला गेलं तर पावणेनऊपर्यंत हॉल जवळजवळ आपलाच. घोडबंदरला मात्र त्या वेळी ट्रॅफिकमध्ये तास मोडतो, मेट्रोच्या कामानं रस्ता कुठे अरुंद होईल सांगता येत नाही. आमच्यासारख्या स्टेशनजवळ राहणाऱ्यांना उलट वाशी सोपी पडते. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची, अर्ध्या तासात वाशी. येताना टॅक्सी.

आता बिल. सूट २५ टक्के लिहिलेली असली तरी हातात तेवढी पडतेच असं नाही. ठाण्यातलंच एक बिल माझ्याकडे आहे. जेवण ₹४,८००, त्यावर २५ टक्के म्हणजे ₹१,२०० कमी. पण सर्व्हिस चार्ज १० टक्के लावला तो सूट वजा करण्याआधीच्या रकमेवर, ₹४८०. मग ₹४,०८० वर ५ टक्के जीएसटी, ₹२०४. एकूण ₹४,२८४. सूट नसती आणि सर्व्हिस चार्जही नसता, तर ₹५,०४० झाले असते. म्हणजे खरी बचत ₹७५६, फक्त १५ टक्के. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ते नियम उचलून धरले. मी शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणाले, मॅनेजरनं पाच मिनिटांत नवं बिल आणलं, ₹३,७८०. वाद झाला नाही. कुणी अडून बसलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाला आम्ही वेगळे पैसे हातात देतो, ते आई स्वतः देते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ₹७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ नाही, १८ टक्के लागतो. तेच ₹४,८०० चं जेवण तिथे ₹५,६६४ होतं. नवऱ्याची बीअर जीएसटीत येत नाही. तिच्यावर व्हॅट असतो, परमिट रूमसाठी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला, आणि आम्हाला अ‍ॅपची सूट दारूवर बहुतेक ठिकाणी मिळाली नाही. बसल्याबसल्या पाण्याचं ‘रेग्युलर की मिनरल?’ विचारतात तेव्हा ‘रेग्युलर’, म्हणजे साधं, म्हणावं. हॉटेलात बाटली छापील किमतीपेक्षा जास्त भावानं देता येते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे.

मुंबईची एकच फेरी झाली, लोअर परळला. जेवण सुंदर होतं, त्यातला खेकडा लेक अजून आठवते. पण परतताना आई गाडीत अवघडून गेली, तेव्हा तो नाद सोडला. तिथल्याच कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ माणसं गेली होती. तेव्हापासून नवरा कुठल्याही वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये बसण्याआधी दुसरा जिना कुठे आहे ते बघून येतो. एका ठिकाणी त्या जिन्याच्या दारासमोर खुर्च्यांची चळत लावलेली होती. आम्ही तिथून परत फिरलो. त्या दिवशी जेवलो ते खालच्या मजल्यावर दुसरीकडे.

श्रावणात आई कांदा-लसूण खात नाही. अ‍ॅपवर ‘स्पेशल रिक्वेस्ट’चा रकाना आहे, तिथे लिहिलेलं किचनपर्यंत पोचलं नाही, दोनदा. कारण पुढे कॅप्टननंच सांगितलं: उत्तर भारतीय किचनमध्ये कांद्याची ग्रेव्ही सकाळीच होऊन बसते, ऑर्डर दिल्यावर त्यातून कांदा काढता येत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर टोमॅटो-काजूची वेगळी ठेवतात. जैन गिऱ्हाईक इथे भरपूर, त्यामुळे हे त्यांना नवं नसतं.

वाशीच्या ज्या ठिकाणी आम्ही तीनदा गेलो ते तसं जुनं आहे. खाली गालिचा, टेबलांवर पांढरं कापड, अ‍ॅपवर रेटिंग ४.१. लोकांनी लिहिलंय, ‘अँबियन्स आउटडेटेड’. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाणं जरा मोठंच होतं. आईनं कॅप्टनला हात करून म्हटलं, “बेटा, ये गाना थोडा बारीक करो ना.” तो उत्तराखंडचा मुलगा, ‘बारीक’ त्याला बरोबर कळलं. त्यानं आवाज कमी केला आणि परत येऊन विचारलं, “अभी ठीक है, आजी?” त्या रात्री आईनं बाबांबरोबर १९७४ साली दादरला पहिल्यांदा हॉटेलात कटलेट खाल्ल्याची गोष्ट सांगितली. सुरीकाटा कसा धरायचा ते बाबांनाही माहीत नव्हतं. ही गोष्ट मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

तर मेंबरशिप. मित्रमंडळी असाल, आठवड्याच्या मधे जाणार असाल, तर घ्या, पैसे नक्की वसूल होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर अ‍ॅप फक्त फोटो आणि भाव बघायला वापरा. आम्ही रिन्यू करणार नाही. आईला मानवलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन या मेंबरशिपच्या सवलतीत येतच नाहीत, आणि सूट दिसली की पाय नकळत तिकडेच वळतात, हे माझंच झालंय. पुढच्या मंगळवारचं साडेसातचं टेबल मी काल फोनवरच सांगून ठेवलं. नाव सांगितल्यावर पलीकडून विचारलं, “आजी के लिए कोनेवाला ही ना?”