एनपीटेल: रेंज नसलेल्या गावातल्या पोरांसाठी कसं आहे?

एनपीटेलवरचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, लावा पोरांना. मी नाशिकच्या सुरगाणा-पेठ पट्ट्यातल्या कॉलेजच्या पोरांना शिकवतो, त्यांनी वापरलेलं बघून सांगतोय. आयआयटीचे प्रोफेसर फुकटात शिकवतात हे सगळ्यांना माहितीये, 2003 पासून चालूय ते, पण आमच्याकडे खरी कामाची गोष्ट म्हणजे लेक्चर डाऊनलोड करून ठेवता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा उतरवलं की पेनड्राइव्हवर, तिथून ओटीजीने (पेनड्राइव्ह फोनला जोडायची पिन) फोनमध्ये, मग पाड्यावर रेंज असो नसो.

लाइव्ह क्लासवाली महागडी अ‍ॅप इथं काय कामाची? दिवाळीनंतर घरचे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, घरातला एकच स्मार्टफोन वडलांबरोबर जातो, मग संध्याकाळी सातचा क्लास पोरीने बघायचा कशावर? माझ्या एका विद्यार्थिनीने अख्खा प्रोग्रामिंगचा कोर्स मेमरी कार्डवर केला, रात्री मावशीच्या फोनमध्ये कार्ड टाकायचं, दोन लेक्चर बघून वहीत लिहायचं, सकाळी कार्ड काढून घ्यायचं. हुशार पोरगी, पण तिच्यावर एवढी कसरत करायची वेळ येते याचा राग येतो मला.

आणखी एक, 12 आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याच्या असाइनमेंटमधल्या बेस्ट 8 च धरतात (25 मार्क, बाकी 75 परीक्षेचे). म्हणजे पावसात टॉवर बंद पडून दोन आठवडे गेले तरी पोरगं बाद होत नाही. फक्त सबमिट ऑनलाइनच करावी लागते, त्यामुळे सरमंडळींनो, मुदतीच्या दिवशी लॅबला कुलूप लावू नका प्लीज.

आता कमी काय ते. शिकवणं बहुतेक इंग्रजीत, काही कोर्सचं मराठी भाषांतर पीडीएफमध्ये मिळतं, सगळ्यांचं नाही. आणि परीक्षा शहरातल्या सेंटरवर जाऊनच द्यायची, सकाळी 9 चा पेपर असला की आदल्या दिवशीच एसटी धरायची, फी, भाडं, मुक्काम, मजुरीवाल्या घराला हे जड जातं हो. यूजीसीने 2021 मध्ये कॉलेजच्या पोरांना 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयं’वरून (एनपीटेलचे कोर्स असतात ते सरकारी पोर्टल) घ्यायची मुभा दिली, मग तालुक्याच्या कॉलेजात सेंटर द्यायला पाहिजेच, निदान आदिवासी तालुक्यांत तरी.

जानेवारी आणि जुलै अशा दोन बॅच असतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षेचं नंतर ठरवलं तरी चालतं.