ॲडव्हेंट रीथचा तयार संच: रिंग दणकट, मेणबत्त्या आखूड

ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ, आणि रीथ म्हणजे पाल्याचं गोल कडं. त्यावरच्या चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकेक वाढवत लावतात, मधली पांढरी नाताळला. ऑनलाइन मिळणारा हा १२ इंची संच सांगली-मिरजेत घरपोच येतो. खोक्यात लोखंडी रिंग, चार कप, मधे ठेवायची तबकडी, प्लास्टिकची हिरवी पानं, तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि एक पांढरी मेणबत्ती, शिवाय ज्योत विझवायचं पितळी टोपण. रिंग जड आहे, टेबलावर हलत नाही. टोपणही कामाचं, कारण फुंकर मारली की पातळ मेण उडून टेबलक्लॉथवर पडतं. पैसे वसूल होतात ते या दोन वस्तूंत.

खरी अडचण मेणबत्त्यांची. त्या ६ इंची आहेत. पाऊण-एक इंच जाडीची मेणबत्ती साधारण तासाला एक इंच जळते. फक्त चार रविवारी तासभर लावायची असेल तर पहिलीची २ इंच उरते, भागतं. पण रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला लावणाऱ्या घरांचं काय? २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. तिथून २४ डिसेंबरपर्यंत २६ संध्याकाळी. रोज २० मिनिटं धरली तर पहिली मेणबत्ती ८ तास ४० मिनिटं जळणार, दुसरी ६ तास २० मिनिटं, तिसरी ४ तास आणि चौथी जेमतेम १ तास ४० मिनिटं. म्हणजे संचातली पहिली नाताळच्या आधीच संपते, आणि त्याच्याही आधी ज्योत पानांपर्यंत उतरते. रोज लावायची असेल तर १० इंची घ्या आणि वेळ १५ मिनिटांवर आणा. शेवटी साडेतीन इंच शिल्लक राहते. जांभळ्या आणि गुलाबी मेणबत्त्या दिवाळीच्या मालातच बघून ठेवाव्यात. डिसेंबरात लाल-पांढऱ्याच जास्त दिसतात.

रंगावरून फार अडून बसू नये. जांभळ्या-गुलाबीची पद्धत मुख्यतः कॅथलिक. गुलाबी तिसऱ्या रविवारी. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी मुलांसाठी गाडीच्या चाकावर पहिली रीथ केली, तिच्यात २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या होत्या. चारही लाल लावल्या तरी काही बिघडत नाही.

कपाचं तोंड पाऊण इंचाचं, बाजारातली मेणबत्ती कधी बारीक, कधी जाड. बारीक असेल तर बुडाला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा. कागद नको, शेवटी तोच पेटतो. जाड असेल तर बूड मिनिटभर गरम पाण्यात धरून दाबून बसवा. चाकूने तासायला गेलं की मेण तडकतं आणि मेणबत्ती वाकडी बसते. वाकडी मेणबत्ती एका अंगाने वितळून ओघळते. पंखा चालू असला तरी तेच होतं, तेव्हा आधी पंखा बंद.

प्लास्टिकची पानं खोक्यातच राहू द्या. ज्योतीजवळ ती वितळतात आणि पेटतातही. त्याऐवजी मोरपंखीचा किंवा सुरूच्या झाडाचा पाला वापरा. मोरपंखी तर कुणाच्याही बागेत मिळते. ४-५ इंचाच्या जुड्या करून बारीक तारेने एकाच दिशेने बांधत जा, प्रत्येक जुडीने आधीचे देठ झाकले पाहिजेत. या रिंगला २५ च्या आसपास जुड्या लागतात. कपाभोवती २ इंच जागा मोकळी सोडा. आपल्याकडची डिसेंबरातली हवा कोरडी. दहाएक दिवसांत मोरपंखी कुरकुरीत होते, म्हणून तिसऱ्या रविवारी पाला बदलाच. वाळलेल्या मोरपंखीला ठिणगी पुरते.

पांढऱ्या मेणबत्तीच्या तबकडीला खिळा नाही, नुसती सपाट आहे. नाताळला ती लावताना बाकीच्या चारही पेटलेल्या असतात, तेव्हा ती कलंडली तर थेट ज्योतीवर जाते. तबकडीवर गरम मेणाचे थेंब पाडून त्यात ती घट्ट रोवा, नाहीतर काचेच्या जाड पेल्यात वाळू भरून मधे ठेवा. पेलाच बरा.