ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कार्यालयीन पत्रे, अर्ज आणि अहवाल इंग्रजीत लिहिताना व इतरांचे तपासताना गेले कित्येक महिने मी या कोशाची दहावी आवृत्ती (२०२०) वापरत आहे. शब्दांचे अर्थ सांगणारे इंग्रजी-मराठी कोश आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु एखादा शब्द वाक्यात कोणते शब्दयोगी अव्यय सोबत घेऊन येतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा कोश माझ्या टेबलावर दुसरा नाही.

मराठी माणूस अर्थापाशी क्वचितच अडतो. ‘विषयावर चर्चा केली’ हे वाक्य मनात तयार असते, म्हणून कागदावर ‘डिस्कस्ड ऑन’ किंवा ‘डिस्कस्ड अबाउट’ उमटते. डिस्कस या क्रियापदानंतर अबाउट येत नाही, अशी स्वतंत्र सूचनाच या कोशात आहे. मात्र डिस्कशन या नामानंतर तेच अबाउट बिनदिक्कत चालते. क्रियापद आणि त्याचेच नाम यांच्यातील हा भेद आपल्या पत्रव्यवहारात सर्वाधिक त्रास देतो, असे माझे निरीक्षण आहे. ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हे नाम म्हणून बरोबर आहे, पण ‘वी रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हे चूक आहे. एम्फसिस या नामाला ऑन लागते, तर एम्फसाइझ या क्रियापदाला काहीच लागत नाही. नाम आणि क्रियापद यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, की ही गफलत आपोआप लक्षात येते. म्हणूनच केवळ व्याख्या पाहून कोश मिटू नये. ठळक अक्षरांतील रचना आणि खालची उदाहरणे वाचावीत, कारण कोशाचे खरे धन तिथेच आहे.

आपण ‘विलंबाचे कारण’ असे एकच म्हणतो. इंग्रजीत मात्र कॉज ऑफ आणि रीझन फॉर अशा दोन वाटा आहेत. ‘स्टेशनवर पोहोचलो’ यासाठी रीच वापरले तर अव्यय नको, अराइव्ह वापरले तर ॲट हवे, आणि शहर किंवा देश असेल तर इन हवे. खोलीत शिरताना एंटर पुरते, करार करताना मात्र एंटर इनटू लागते.

रचनेकडे असे लक्ष देण्यामागे इतिहास आहे. या कोशाचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि परकीय विद्यार्थ्याला क्रियापदाची रचना स्वतंत्रपणे शिकवावी लागते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्यासाठीच तो रचला गेला असल्याने आपल्या शंकांची उत्तरे त्यात सापडतात, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

शब्दनिवडीसाठी दिलेल्या चौकटीही उपयुक्त आहेत. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित आणि इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचे, हा फरक अहवालात फार महत्त्वाचा ठरतो. डिफरंटनंतर फ्रॉम सर्वत्र चालते, टू हे ब्रिटिश वळणाचे आणि दॅन हे अमेरिकी वळणाचे, अशी नोंदही आहे. त्यामुळे पत्र कोठे जाणार आहे हे पाहून निवड करता येते. भारतीय इंग्रजीतील शब्दांनाही येथे जागा आहे आणि या आवृत्तीत चाळ हा आपला शब्दही आला आहे.

मर्यादा एवढीच, की मूळ शब्द आधी सुचावा लागतो. मनात केवळ मराठी शब्द असेल तर प्रथम मराठी-इंग्रजी कोश उघडावा आणि तेथे मिळालेला शब्द येथे तपासावा. केवळ ऑन किंवा ॲटची नोंद काढून उत्तर शोधू नये. ती नोंद लांबलचक असते आणि हवे ते अव्यय बहुधा मुख्य शब्दाच्या नोंदीतच चटकन सापडते. छापील प्रत जाडजूड असल्याने ती घरी ठेवून वाचावी. ऐन कामाच्या वेळी याच कोशाचे विनामूल्य संकेतस्थळ पुरेसे आहे आणि तेथे उच्चारही ऐकता येतात.