आजीवन लायसन्स, ३,९९९ रुपये

इचलकरंजीत माझे डीटीपीचे छोटे दुकान असून लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि दुकानांच्या पाट्या एवढ्यावर ते चालते. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी संगणक बदलला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका विक्रेत्याचा व्हॉट्सॲपवर संदेश आला: ॲडोबी कंपनीच्या इलस्ट्रेटर व फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्त्यांचे आजीवन लायसन्स, शिवाय व्यावसायिक वापराच्या हक्कांसह एक लाख व्हेक्टर डिझाइन, सर्व मिळून ३,९९९ रुपये. ॲडोबीने २०१३ मध्येच या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले होते. म्हणजे मला विकली गेलेली वस्तू मुळात बाजारात अस्तित्वातच नव्हती. हे मला माहीत असायला हवे होते; पण स्वस्त मिळते आहे म्हटल्यावर मी चौकशीच केली नाही.

पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर गेले, बिल मिळाले नाही. त्या गृहस्थाने दूरूनच माझ्या संगणकाचा ताबा घेतला, आधी अँटिव्हायरस बंद करायला लावला आणि मग होस्ट्स नावाची एक फाइल उघडून तिच्यात कंपनीच्या सर्व्हरांची नावे टाकत गेला. प्रत्येक नावापुढे १२७.०.०.१ हा आकडा होता. ‘यामुळे सॉफ्टवेअर जलद चालते’, असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात हा आकडा म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता असतो, आणि त्या ओळींमुळे सॉफ्टवेअरला कंपनीकडे जाऊन आपला परवाना तपासून घेता येत नाही. खऱ्या ग्राहकाच्या संगणकात अशी तजवीज कशासाठी करावी लागेल, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तीन महिन्यांनी पडद्यावर सॉफ्टवेअर अस्सल नसल्याची सूचना झळकू लागली आणि भर हंगामात दोन्ही प्रोग्राम बंद पडले. विक्रेत्याचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

डिझाइनची गोष्ट याहून वाईट. त्यातल्या रेषांच्या एका सुंदर गणपतीचा वापर मी पत्रिकांवर केला आणि तो उत्तम छापला गेला. पुढे एका मिठाईच्या दुकानाच्या सहा फुटी पाटीवर तोच गणपती घेतला, तर फ्लेक्सवर चित्र पार फाटले. सोंडेची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसत होती. फाइल ईपीएस, म्हणजे सहसा व्हेक्टर चित्रे ज्यात ठेवतात त्या प्रकारची होती, म्हणून मी ती व्हेक्टर समजून चाललो होतो. व्हेक्टर चित्र रेषांच्या गणिताने बनते, त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी कड स्वच्छ राहते. रास्टर चित्रात मात्र मोजकेच ठिपके असतात. माझ्या फाइलीत १,००० पिक्सेल रुंदीची जेपीजी प्रतिमा नुसती आत बसवलेली होती. तीन इंची पत्रिकेवर इंचाला तीनशेहून अधिक ठिपके मिळत होते, सहा फुटांवर जेमतेम चौदा. रंग वगळून नुसत्या रेषा दाखवणाऱ्या आउटलाइन दृश्यात फाइल उघडली असती तर रेषांच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसला असता. तपासायला पाच सेकंदही लागत नाहीत.

त्या पाटीचा फोटो पाहून पुण्याच्या एका चित्रकर्तीचा फोन आला. गणपती त्यांनी काढलेला होता. मी विक्रेत्याने दिलेले ‘हक्कांचे प्रमाणपत्र’ त्यांना पाठवले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, ‘यात माझे नाव कुठे आहे?’ ते नव्हतेच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढताक्षणी हक्क चित्रकाराचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि त्या हक्काचे हस्तांतरण लेखी व हक्कधारकाच्या सहीनेच होते. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ६३ ब खाली किमान सात दिवसांची कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड सांगितला आहे; न्यायालयाला कैद माफ करण्याची जी मुभा आहे, ती धंद्यासाठी वापर नसेल तरच. मी फसलो होतो हे खरे, पण सूचना झळकल्यानंतरही मी आठवडाभर तेच प्रोग्राम चालवले होते, आणि त्या आठवड्याला ‘अजाणता’ म्हणणे मला जड जाते.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. संगणक पुसून नव्याने भरला आणि आता बहुतेक काम इंकस्केप व गिंप या डिझाइनच्या प्रोग्रामांवर करतो, जे कायदेशीररीत्या फुकट आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. हात बसायला महिना गेला. वर्गणी घेतलीच, तर परवाना माझ्या ईमेलवर, माझ्या खात्यात दिसेल आणि जीएसटीचे बिल मिळेल, एवढे पाहूनच घेईन. विकत घेतलेल्या चित्राच्या अटीही आता वाचतो, कारण ‘रॉयल्टी-फ्री’चा अर्थ फुकट असा नसून प्रत्येक वापरागणिक पैसे द्यावे लागत नाहीत एवढाच असतो, आणि हे मला इतकी वर्षे धंद्यात राहूनही ठाऊक नव्हते.

चित्रकर्तीने वाजवी मोबदला घेऊन मला एका ओळीचे परवानगीपत्र सहीनिशी दिले आणि सोबत मूळ फाइलही पाठवली. ती मी प्रथम आउटलाइनमध्ये उघडली. सोंडेची रेषा एका नोडपासून, म्हणजे रेषेच्या जोडबिंदूपासून, दुसऱ्या नोडपर्यंत एकसलग वळत गेलेली होती. त्याच फाइलवरून मिठाईवाल्यांना पाटी माझ्या खर्चाने पुन्हा करून दिली.